सहा दिवसांचं सोवळं

वांगी हातोदहून आली होती. तिथे राहणाऱ्या धाकट्या भाच्याने, यशवर्धनने, आदल्या दिवशीच पिशवी पाठवली होती, आणि बेबीआत्या सकाळपासून एकेक वांगं गॅसच्या आचेवर फिरवून भाजत होत्या. आषाढापासून घरात वांगं आलं नव्हतं. जळक्या सालीचा तो वास पहिल्यांदा पसरला की घराला कळायचं, आज चंपाषष्ठी, आज तळी. सखूवहिनी होत्या तेव्हा गोवऱ्यांच्या आरात वांगी पुरून ठेवायच्या आणि राखेतून काढताना फुंकर मारून हसायच्या. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठून येणार. स्टेशनावरची घोषणा तेवढी खिडकीतून येत होती, कुठली तरी गाडी चाळीस मिनिटं उशिरा.

जयसिंगरावांच्या पत्नी सखूवहिनी जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून खंडोबाचं नवरात्र, घट, माळा, सहा दिवसांचा अखंड दिवा, सगळं बेबीआत्यांकडे आलं होतं. आत्या जयसिंगरावांच्या धाकट्या बहीण. शहात्तर वर्षांच्या होत्या आणि नवरा गेल्यावर माहेरी परतल्याला चाळीस वर्षं झाली होती. घटाला मात्र बसायचं ते घरच्या पुरुषाने. जयसिंगरावांनी शुगर निघाल्यापासून बसणं सोडलं, तेव्हापासून त्यांचा थोरला संजीव बसायचा. यंदा तो बसेल की नाही अशी धाकधूक होती, कारण फेब्रुवारीपासून संजीव आजारी होता.

पीथमपूरच्या कारखान्यात क्वालिटीचं काम पाहणारा हा माणूस एक दिवस गेटबाहेर गाडी लावून तीन तास तसाच बसून राहिला होता. आत गेला नाही आणि घरीही आला नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं. बेबीआत्या कोणाला सांगताना अशक्तपणा म्हणायच्या. पण औषध लागू पडलं हेही त्यांनी पाहिलं होतं. दर गुरुवारी तो कोणा बाईंकडे तासभर बोलून यायचा. राखीनंतर कामावर जाऊ लागला, आणि दिवाळीत स्वतःहून म्हणाला, चला, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खाऊन येऊ. प्रियंका, त्याची बायको, त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसून गेली होती.

म्हणूनच घट बसायच्या दिवशी बेबीआत्यांनी संजीवला ते विचारलं. भजनाच्या ग्रुपवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता की कॅप्सूलचं वरचं कवच जनावराच्या हाडांपासून करतात. एरवी दर रविवारी मटण शिजणारं हे घर, पण या सहा दिवसांत इथे अंडंसुद्धा येत नव्हतं. मटणाची पातेलीदेखील वेगळी काढून गॅलरीत पालथी घातली जायची. आणि घटाला बसणारा माणूसच रोज सकाळी हाडाचं कवच गिळणार?

"खरं आहे का रे हे?" त्यांनी विचारलं होतं.

"असेल आत्या. जिलेटिन असतं त्यात."

"मग सहा दिवस नाही घेतली तर?"

संजीवने थोडा वेळ देव्हाऱ्याकडे पाहिलं. "चालेल," तो म्हणाला. "आता बरं वाटतंच आहे."

मग बेबीआत्यांनी गोळ्यांचा डबा उचलून दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, सोवळ्याबाहेर ठेवून दिला. पोरगा किती समजूतदार आहे, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

आज सहावा दिवस. दहा वाजले तरी संजीव खोलीबाहेर आला नव्हता. एकवेळ जेवण आहे, थकवा असेल, असं म्हणून त्या वांग्याची साल सोलू लागल्या.

*

यशवर्धन आला तो नेहमीसारखा आवाज करत. हातोदच्या मंडीत दिवसभर ओरडून बोलायची सवय, घरातही सुटायची नाही. पाठोपाठ मल्हारगंजातले चुलत भाऊबंद, आशिष आणि त्याचे वडील, आले. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. जयसिंगराव, त्यांचे दोन मुलगे आणि हे दोघं मिळून पाच व्हायचे.

"क्यों भिया, कमी खाऊन आला ना?" यशवर्धन आशिषला म्हणाला. "मागच्या वर्षी भरीत तूच संपवलं होतंस."

"मी तर चाखून बघत होतो, दादा. मीठ बरोबर आहे की नाही."

"आठ भाकरींसोबत चाखत होता."

प्रियंका पाण्याचे ग्लास घेऊन आली. रात्री तिला झोप नव्हती, कारण संजीव चार वेळा उठून गॅलरीत जाऊन आला होता. विचारलं तर म्हणाला, चक्कर येतेय, उपासाची.

"वहिनी, दादा कुठे?" यशवर्धनने विचारलं. "मला थँक्यू म्हणायचंय त्याला नीट. मंगळवारी आला होता ना हातोदला, दुर्बीण देऊन गेला मला. पणजोबांची."

प्रियंकाच्या हातातला ट्रे तिथेच थांबला. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. त्यांच्या त्या पितळी दुर्बिणीवरून हे दोघं भाऊ लहानपणापासून भांडत आले होते, पन्नाशीला टेकले तरी. संजीव ती कपाटात कुलूप लावून ठेवायचा.

"दिली? म्हणजे बघायला?"

"नाही हो, दिली मतलब दिली. मी म्हटलं, दादा, ये तो तुझी आहे. तर म्हणाला, ठेव, मला आता काय करायची. मला तर रडूच आलं, कसम से."

प्रियंकाला फ्रिजवरचा कागद आठवला. बुधवारी संजीवने गॅसचा नंबर, लाइटबिलाचा नंबर, वायफायचा आणि बँकेचा पासवर्ड, सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं होतं. तिला तेव्हा बरं वाटलं होतं, की हे पूर्वीसारखे टापटीप होताहेत. डॉक्टरांनी मार्चमध्ये तिला एकटीला बसवून जे सांगितलं होतं ते तिला आता शब्दाशब्दाने ऐकू येऊ लागलं. ते आवडीच्या वस्तू वाटायला लागले, निरोप घेतल्यासारखी आवराआवर करायला लागले, तर वाट पाहू नका. मला फोन करा.

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. फळीवर मसाल्याच्या डब्याशेजारी गोळ्यांचा डबा असायचा. तो नव्हता. सहा दिवस इकडे बेबीआत्यांचं सोवळं म्हणून ती फळीपर्यंत आलीच नव्हती. सकाळी विचारलं की संजीव म्हणायचा, झाली घेऊन.

"आत्याबाई, यांच्या गोळ्या कुठे आहेत?"

"बाहेर. चपलांच्या कपाटात." बेबीआत्या हात धूत म्हणाल्या. "नवरात्र आहे ना. उद्यापासून घेईल परत."

"उद्यापासून?"

"अगं, हाडाचं असतं ते वरचं. त्यालाच विचारून ठेवलं मी. तो हो म्हणाला."

प्रियंका ओट्याला धरून उभी राहिली. "सहा दिवस झाले? एकही नाही घेतली?"

"मला काय माहीत त्यात एवढं..."

"मला का नाही विचारलंत?"

आवाज ऐकून यशवर्धन दारात आला होता. "क्या हुआ वहिनी? सहा दिवसांत काय होतं? तसंही या गोळ्यांची आदत पडते माणसाला. मी तर म्हणतो बरं झालं सुटल्या. दादाला माझ्याकडे पाठवा महिनाभर. शेतावर राहील, लोकांत बसेल, अपने आप ठीक होईल."

"आबांची शुगरची गोळी अशी सहा दिवस बंद केली असती तुम्ही?" प्रियंकाने दोघांकडे पाहत विचारलं.

"जयसिंगदादाची टॅबलेट आहे," बेबीआत्या अगदी मनापासून म्हणाल्या. "कॅप्सूल नाही."

प्रियंका फोन घेऊन गॅलरीत गेली. मागे यशवर्धन आत्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "जाऊ द्या आत्या, वहिनी टेन्शनमध्ये आहे," आणि बेबीआत्या सोललेल्या वांग्यांकडे पाहत होत्या.

डॉक्टर स्मिता नाशिकच्या. इंदुरात येऊन त्यांना तीन वर्षंच झाली होती आणि त्यांचं मराठी प्रियंकाला पुस्तकातल्यासारखं वाटायचं. आज मात्र त्या स्वच्छ, सावकाश शब्दांचा तिला आधार वाटला.

"हे औषध एकदम बंद करायचं नसतं," त्या म्हणाल्या. "चक्कर, झोप उडणं, डोक्यात झिणझिण्या, हे त्यामुळेच. आणि आजार दबलेला होता, तोही वर येतो. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. आत्ता त्यांना घेऊन या, मी दवाखान्यातच आहे. तोवर एक मिनिटही एकटं सोडू नका. आणि त्यांना स्पष्ट विचारा."

"काय विचारू?"

"जीव द्यायचे विचार येतात का, असंच."

"मी विचारलं आणि त्यामुळेच त्यांच्या डोक्यात आलं तर?"

"विचारल्याने येत नाही. असेल तर ते आधीपासून तिथे आहे, आणि ते एकटेच त्याच्यासोबत बसलेले आहेत."

*

संजीव पलंगाच्या कडेला बसला होता. सोवळं अर्धवट नेसून झालं होतं आणि निऱ्या हातात तशाच राहिल्या होत्या. मान वळवली की डोक्यात वीज चमकून जायची. एकदा नव्हे, एकापाठोपाठ तीनचारदा. बाहेरून आशिषचं हसणं येत होतं, वांग्याचा वास येत होता, आणि ते सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं होतं.

आत्याने विचारलं तेव्हा त्याला खरंच सुटल्यासारखं झालं होतं. आठ महिने घरात कोणीही त्याच्याकडे पाहिलं की पहिल्यांदा ती गोळी पाहायचं. झाली का, घेतली का, झोप लागली का. सहा दिवस तरी आपण आजारी माणूस नसून घटाला बसलेला माणूस असू, असं त्याला वाटलं होतं. पहिले दोन दिवस तसे गेलेही. तिसऱ्या दिवशी फेब्रुवारीतलं ते परत आलं, आणि या वेळी त्याने शांतपणे सगळं ठरवूनच टाकलं. आता मनात एकच होतं. तळी नीट पार पडू दे. आबांचा सण आपल्यामुळे मोडायला नको. त्यानंतर.

प्रियंका आत आली, दार लोटलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी सांगणार होतो तुला गोळ्यांचं," तो म्हणाला.

"ते राहू दे. आपण आत्ता डॉक्टरांकडे जातोय."

"तळी होऊन जाऊ दे. मग."

"मग काय?"

निऱ्या हातातून सुटल्या. प्रियंकाने त्या उचलल्या आणि हातात धरून ठेवल्या.

"संजीव, तुम्हाला जीव द्यावासा वाटतोय?"

एवढ्या वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग असेल असं वाटून त्याने पाहिलं. राग नव्हता. ती उत्तराची वाट पाहत होती, बस.

"हो," तो म्हणाला.

"आज?"

त्याने मान डोलावली. आणि मग, कित्येक महिन्यांत आलं नव्हतं तसं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने निऱ्या खाली ठेवल्या आणि त्याचे दोन्ही हात धरले. तिचे हात थंड होते.

"तुम्ही सगळे सुखी राहाल असं वाटलं मला," तो म्हणाला. "खरंच वाटलं."

"मला माहीत आहे तुम्हाला तसं वाटलं. पँट घाला. मी इथेच आहे."

*

देव्हाऱ्यापुढे ताम्हण मांडून झालं होतं. भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं. जयसिंगराव फेटा बांधून खुर्चीत बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे. पाठ अजून ताठ होती, ऐकू थोडं कमी येत होतं. पण आतून प्रियंका आणि संजीव बाहेरच्या कपड्यांत आले, तेव्हा कोणी काही बोलायच्या आत ते खुर्चीतून उठले होते.

"आबा, यांना दवाखान्यात न्यायचंय. आत्ता," प्रियंका म्हणाली.

"आत्ता म्हणजे?" आशिषच्या वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं. "सूनबाई, साडेअकराची वेळ काढली आहे. पाच मिनिटांचं काम आहे."

"वहिनी, ते बरोबर बोलताहेत," यशवर्धन म्हणाला. "तळी उचलू, भाकरीचा तुकडा मोडू, फिर मीच गाडी काढतो. एक घंटा. दादा, तू सांग ना, उभा राहू शकतो ना पाच मिनिटं?"

"राहीन," संजीव म्हणाला.

बेबीआत्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. "तो म्हणतोय तर होऊ दे ना," त्या हळूच म्हणाल्या. "देवाचं अर्धवट कशाला सोडायचं."

सगळे आता जयसिंगरावांकडे पाहत होते. ते संजीवकडे पाहत होते. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक सौजन्य होतं, पाहुण्यांसाठी ठेवतात तसं. कोणाला त्रास होऊ नये म्हणून शेवटपर्यंत नीट वागणाऱ्या माणसाचं. जयसिंगरावांनी हे सौजन्य एकदाच पाहिलं होतं. पौषातली सकाळ होती. थोरला भाऊ चपला घालताना आईला म्हणाला होता, माझं ताट झाकून ठेव, उगाच खोळंबू नका. त्या सकाळी जयसिंगराव दाढी करत होते. आरशातून त्यांनी त्याला जाताना पाहिलं, आणि दाढी चालू ठेवली.

"तळी राहू दे," ते म्हणाले.

"आबा, आपल्या घरात आजवर कधी..." आशिषचे वडील बोलू लागले.

"राहू दे म्हटलं. यशवर्धन, गाडी काढ. मी येतोय."

त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला. आशिष पुढे झाला, त्याने ताम्हणावर कापड घातलं.

दाराबाहेर संजीव बूट घालायला वाकला आणि तोल जाऊन भिंतीला धरून राहिला. यशवर्धन लिफ्टचं बटण दाबत होता, तो मागे फिरला. गुडघ्यावर बसून त्याने भावाचे बूट घातले, नाड्या बांधल्या. चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा होता. यशवर्धनने तो उचलून खिशात घातला.

गाडी राजवाड्याच्या वळणाला आली. यशवर्धन आरशात पाहत म्हणाला, "दादा, दुर्बीण तुझी आहे. मी आणून देतो."

"ठेव रे."

"नाही ठेवणार. मला नाही पाहिजे ती अशी."

*

डॉक्टर स्मितांनी संजीवशी आधी एकट्याने अर्धा तास बोलून घेतलं. मग सगळ्यांना आत बोलावलं. यशवर्धन दाराशी उभा राहिला, जयसिंगरावांना खुर्ची दिली.

"चारपाच दिवस इथे राहावं लागेल," त्या म्हणाल्या. "औषध पुन्हा सुरू करू, पण आमच्या नजरेखाली. तुम्ही बरे होत होतात, संजीवजी. बरं वाटायला लागलं की औषध नको वाटतं, हे नेहमी होतं. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसांचंही होतं. मलाही आधी विचारायला हवं होतं, उपास वगैरे असतो का घरी. कॅप्सूल नको असती तर गोळी देता आली असती."

प्रियंकाने मान खाली घातली. एवढंच होतं तर. एक प्रश्न आणि एक फोन.

डॉक्टरांनी फाइल उघडली. "काही गोष्टी परत विचारते. घरात आधी कोणाला असा आजार होता? रक्ताच्या नात्यात कोणी जीव दिला होता?" आणि फेब्रुवारीतलं पान पाहत, "तेव्हा नाही असं लिहिलंय."

"नाही," प्रियंका म्हणाली. "कोणी नाही."

"हो," जयसिंगराव म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून यशवर्धन वाकला. "आबा, त्या विचारताहेत की..."

"ऐकलं मी. माझा थोरला भाऊ. दौलतराव."

"दौलतकाका तर मुदतीच्या तापाने गेले," यशवर्धन म्हणाला.

"तसं आम्ही सांगितलं. सगळ्यांना तेच सांगितलं." जयसिंगरावांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते डॉक्टरांशी बोलत होते, मुलांकडे न पाहता. "अडुसष्ट साल. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग मोठ्या दवाखान्यात विजेचे झटके सुरू केले. मी सायकलवर डबलसीट न्यायचो त्याला. सहा झाले. बोलायला लागला होता. पोहे मागून खाल्ले त्याने एकदा. अजून न्यायला सांगितलं होतं, पण माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि रस्त्यात लोक बघायचे, कुठे चालले म्हणून विचारायचे. मीच वडिलांना म्हणालो, आता बरा झालाय, आता कशाला." ते थांबले. "दोन महिन्यांनी सकाळी घरून गेला. संध्याकाळी लोकांनी आणून दिला."

डॉक्टरांनी लगेच पेन उचललं नाही.

"तुम्ही चोवीसएक वर्षांचे असाल तेव्हा," त्या म्हणाल्या.

"हो. पण नेणारा मीच होतो."

"हे सांगितलंत ते फार बरं केलंत. याचा अर्थ संजीवजींना तसंच होणार असा नाही. मी जास्त सांभाळून पाहीन, एवढाच अर्थ." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव? वय?"

"दौलतराव. सव्वीस."

संजीव वडिलांकडे पाहत होता. लहानपणापासून दिवाणखान्यात टांगलेला तो कोट घातलेला देखणा फोटो त्याने रोज पाहिला होता. त्याला हार घातला जायचा, पण त्याच्याबद्दल कोणी एक वाक्य बोलायचं नाही.

"आबा, मला का नाही सांगितलं?"

"वाटलं, तुझ्या कानावर आलं तर तू भिशील. हे घरातच आहे असं वाटेल."

"मला उलटं वाटायचं," संजीव म्हणाला. "रिसालदाराच्या घरात मीच एक असा निघालो. बाकी सगळे धडधाकट."

जयसिंगरावांना हे नीट ऐकू आलं. त्यांनी हात पुढे केला, तो मुलाच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला. संजीव वयात आल्यानंतर त्यांनी त्याला असा हात लावला नव्हता. काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं, म्हणून कोणी हात काढला नाही.

"काकांना बरं वाटत होतं तेव्हा?" संजीवने विचारलं. "त्या दोन महिन्यांत?"

"वाटत होतं. हसायचा. बेबीला चिडवायचा."

संजीव डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "चार दिवस की पाच? ऑफिसला तसं कळवावं लागेल."

प्रियंकाने तेव्हा कुठे खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली.

*

यशवर्धन आणि प्रियंका दवाखान्यात थांबले. जयसिंगराव एकटे रिक्षाने परतले तेव्हा उन्हं गॅलरीतून निघून गेली होती. पाहुणे गेले होते. ताम्हणावर कापड तसंच होतं, दिवा तेवत होता, आणि बेबीआत्या देव्हाऱ्यापुढे पाटावर बसल्या होत्या. सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं, तोंडावरून कळत होतं.

"ठेवलंय त्याला," जयसिंगराव खुर्चीत बसत म्हणाले. "चारपाच दिवस. स्वतःहून राहिला."

बेबीआत्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाला, आत्याला जेवायला सांगा. आणि म्हणाला, मीच हो म्हटलं होतं."

"तो हो म्हणायचाच. त्याला नाही म्हणता येतं का? मी विचारलं कशाला." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "देवाचं करायला गेले मी, दादा."

"ठाऊक आहे."

"तळी आता कोण उचलणार? पाच माणसं कुठून आणायची?"

"नाही उचलायची. तो आला की बघू. तू जेव."

त्या उठल्या नाहीत. मग जयसिंगरावच उठले. आयुष्यात क्वचितच ते स्वयंपाकघरात गेले होते, त्यामुळे ताटं शोधायला वेळ लागला. गार झालेलं भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, सगळं एकाच ताटात वाढून त्यांनी बहिणीपुढे ठेवलं आणि समोर बसले. तळी न उचलता या घरात कधी कोणी तोंडात घास घातला नव्हता. बेबीआत्यांनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि भाकरी मोडली.

दोघांनी थोडंथोडं खाल्लं.

"मी दौलतदादाचं सांगितलं तिथे," जयसिंगराव म्हणाले.

बेबीआत्यांचा हात ताटात थांबला. "काय सांगितलंस? ताप?"

"नाही. खरं."

सत्तावन्न वर्षांत या दोघांमध्ये हे नाव असं कधी आलं नव्हतं. एकोणीस वर्षांची बेबी त्या दिवशी ओसरीवर उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, आणि तिने कोणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, कोणी विचारलं तर मुदतीचा ताप. ती हो म्हणाली.

"पोरांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरने लिहूनही घेतलं. नाव विचारलं, वय विचारलं."

"नाव लिहिलं?"

"लिहिलं. दौलतराव."

बेबीआत्यांच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"वय किती सांगितलंस?"

"सव्वीस."

"सत्तावीस होता तो," बेबीआत्या म्हणाल्या. "श्रावणात पूर्ण झाली होती सत्तावीस. मी ओवाळलं होतं त्याला." त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "उद्या जाशील तेव्हा सांग त्या बाईला. दुरुस्त करून घे."

"सांगतो," जयसिंगराव म्हणाले.